पाटावर एकटे गुलोजी

१

कोजागिरीच्या दिवशी सकाळी प्रमिलाकाकू नळावरून भरलेली कळशी घेऊन वर गेल्या आणि लगेच त्यांची किंकाळी अख्ख्या चाळीत ऐकू आली.

"अगं बाई! गुलाबाई कुठे गेली?"

नळावरच्या बायका हंडे तिथेच टाकून जिन्याकडे धावल्या. त्यांच्या मागोमाग मीही. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. भिंतीशी मांडलेल्या पाटावर गुलोजी एकटेच बसले होते. तीच लाल पगडी, त्याच टोकदार मिशा, तेच मातीचं हसू. शेजारी मांडीवर बाळगणपती घेऊन बसलेली त्यांची बायको मात्र नव्हती.

आधी एक सांगून टाकते. मला आनंद झाला.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. जळगावच्या जुन्या गावातली आमची चाळ, लाकडी गॅलरीची. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला मुली मातीची गुलाबाई बसवतात आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन तिची गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणते, कानाशी खुळखुळ वाजवते आणि विचारते, आत काय आहे ते ओळखा. तीच खिरापत. ओळखली तर मुलींची जीत, नाही ओळखली तर घरवालीची. चाळीत गुलाबाई एकच, दरवर्षी एकेका घरी बसायची. त्या वर्षी आमची पाळी होती. पण प्रमिलाकाकूंच्या मुलीच्या, पद्माच्या घरी टीव्ही आला, खोली मोठी, म्हणून गुलाबाई तिच्याकडे गेली. शिवाय महिनाभर प्रत्येक खिरापत पद्मानेच ओळखली. डबा नुसता हलला की हिचं उत्तर तयार. "शेव." "फुटाणे." "गूळ-शेंगदाणे." मला तोंड उघडायला जागाच नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तर मी आनंदाने पुढे घुसून पाहिलं. पाटावर गुलाबाईची नथ ठेवलेली होती. खरी सोन्याची, प्रमिलाकाकूंच्या लग्नातली. शेजारी तिचं निळं रेशमी वस्त्र, कडा जुळवून घडी घातलेलं. त्यावर कापसाची माळ. खोलीत ओव्याच्या धुराचा वास होता. कुणाच्या तरी पोराचं पोट दुखत असेल असं मला वाटलं.

पद्मा मोरीच्या दाराशी उभी होती. पारोशी, कालच्याच फ्रॉकमध्ये. खाटेवर तिची आजी ताईबाई बसली होती, अर्ध्या चाळीची सुईण. आम्ही कितीतरी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. बायकांचा गलका ऐकून ती ओठांवर बोट ठेवत म्हणाली, "हळू बोला वो. हळू."

तेवढ्यात पाठीमागून भिकुबाईंचा आवाज आला. "मले मालूम शे कोनी लई गयं ते!"

२

भिकुबाई खालच्या मजल्यावरच्या. शिंदखेड्याकडच्या, बोलणं तिकडचंच. त्यांचा मुलगा जीवराम तेलाच्या गिरणीत होता. त्याची बायको सुंदरवहिनी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, आणि भिकुबाई हे तिला दिवसातून दहा वेळा ऐकवायच्या.

"मन्ही सून!" भिकुबाई म्हणाल्या. "बठ्ठ्या बाया नळवर उन्यात. तीच कसी नही उनी? पोऱ्यानी हाव शे तिले. म्हनीसन नथ सोडी आनि मांडीवरला पोऱ्यासंगे गुलाबाई लई गई!"

बायकांनी माना डोलावल्या. कारण ते पटण्यासारखं होतं. चोर असता तर नथ ठेवून माती नेली असती का? ज्याला फक्त बाळ हवं होतं त्यानेच नेली. सुंदरवहिनी खालच्या दारात भिंतीला टेकून उभी होती. तोंडावर पदर. "मी नाही नेली," एवढंच म्हणाली. नळावर का आली नाहीस, म्हटल्यावर तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"संध्याकायनी यष्टीमा बसाडी दिसू तिले," भिकुबाई म्हणाल्या. "जाऊ दे मायना घर. पुन्हा आठे पाय ठेवू देवाव नही." जीवरामभाऊ आईपुढे उभे राहिले, चप्पल चाळवली आणि कामाला निघून गेले.

तेव्हा लिलाबाई आल्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहायच्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर. "मी तुमच्या गुलाबाईला हात जोडत नाही, पण खिरापत मात्र सोडत नाही," असं त्या हसत म्हणायच्या, आणि आम्हा मुलींना रोज गाणी म्हणायला बोलवायच्या. अख्खी चाळ त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. त्यांच्यापुढे भिकुबाईसुद्धा आवाज खाली आणायच्या.

"भिकुबाई, एसटी संध्याकाळी आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग तोवर मला विचारपूस करू द्या."

"काय विचारशात?"

"आधी हिला विचारते." आणि बाईंनी बोट दाखवलं ते थेट माझ्याकडे.

३

मी दोन पावलं मागे सरकले. पण बाईंचं खरं होतं. गुलाबाई आमच्याकडे बसली नाही म्हणून मी पहिल्या दिवशी गॅलरीत पाय आपटत भोकाड पसरलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"उज्जू, तू पद्मावर जळतेस?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"गुलाबाई नेलीस?"

"नाही. नेली असती तर गुलोजींनापण नेलं असतं. त्यांना एकटं कोण ठेवेल?"

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "हे बरं बोललीस," त्या म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर." आणि मी, जिच्यावर संशय तीच, दिवसभर त्यांच्या पाठीपाठी फिरले. पद्मा गॅलरीतून बघत होती, त्यामुळे मी मान जरा जास्तच ताठ केली होती.

पुढचा संशयित रुपचंदकाका. पद्माच्या खोलीच्या बरोबर खाली राहायचे, रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि आमच्या गाण्यांनी त्यांची संध्याकाळची झोपमोड व्हायची. "एक दिवस तुमची गुलाबाई उचलून फेकून देईन" असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलेलं होतं.

"मी फेकली असती तर सांगूनच फेकली असती," ते उखडून म्हणाले. "उलट माझंच नुकसान झालंय. सकाळी कामावरून येतोय तर वरच्या मोरीच्या नळीतून गुलाबी पाणी गटारीत पडत होतं. हा बघा सदरा, शिंतोडेच शिंतोडे. प्रमिलाबाईंना सांगा, लुगडी रंगवायची तर दुपारी रंगवा."

बाईंनी सदऱ्यावरचा डाग बोटाने चोळला, बोटाचा वास घेतला. मग वर जाऊन प्रमिलाकाकूंना विचारलं, "काही रंगवत होतात का सकाळी?"

"मी? मी तर नळावर होते वो बाई. हे रात्रीच धुळ्याला गेलेत. घरात पद्मा आणि आत्याबाई दोघीच." सासूला त्या आत्याबाई म्हणायच्या. "वर आले तर बंबातलं पाणी उकळत होतं. म्हटलं पद्माने आंघोळीला पेटवला असेल."

"आणि आंघोळ?"

"कुठली आंघोळ! हा गोंधळ झाला ना. अजून कुणाचीच झाली नाही."

तेवढ्यात आतून ताईबाईची हाक आली. "उज्जू! वो उज्जू! पानी लई ये माय."

मी उठलेच. म्हातारी मला बोलावतेय म्हटल्यावर जायला नको? पण पद्मा मध्ये आली. "तुला नाही बोलावलं," ती म्हणाली आणि माझ्या तोंडावर दार लावलं.

हे नेहमीचंच होतं. महिनाभरात किती वेळा ताईबाईने मला हाक मारली आणि किती वेळा पद्माने मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. म्हातारीचं माझ्यावरचं प्रेमही हिला बघवत नाही, असं मी आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "तुला तरी तिचं काय बघवतं?"

बाई मात्र त्या बंद दाराकडे बघत उभ्या राहिल्या. मग खाली जाऊन सुंदरवहिनीच्या खोलीत शिरल्या आणि मला बाहेरच ठेवलं. बराच वेळ दोघी आत बोलत होत्या. काय बोलल्या ते मला फार वर्षांनी वहिनीनेच सांगितलं. त्या महिन्यात तिची पाळी लांबली होती. सासूने आशा धरली होती, दोन दिवस गोड बोलत होती. आणि कोजागिरीच्या पहाटे वहिनी बाहेरची झाली. अशा दिवसांत बायका नळावर पाणी भरत नाहीत, देवाच्या पाटाला तर शिवतच नाहीत. एवढं सांगितलं असतं तरी ती सुटली असती. पण सासूची आशा मोडायची हिंमत तिला होत नव्हती. "बाई, हे कुणाला सांगू नका," ती म्हणाली होती, "मला घर सोडावं लागलं तरी चालेल."

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "सुंदरने नेली नाही," त्या मला म्हणाल्या. "पण का नाही नेली ते मला सांगता येत नाही. म्हणजे कुणी नेली तेच सांगावं लागेल."

"तुम्हाला कळलंय?"

"बहुतेक." त्या जिना चढायला लागल्या. "काल संध्याकाळी तुम्ही गाणं कोणतं म्हटलं होतं गं?"

४

काल आम्ही गुलाबाईच्या बाळंतपणाचं गाणं म्हटलं होतं. महिनाभर तिचं सासर-माहेर, रुसवे, डोहाळे गाऊन झाले की शेवटी तिला मुलगा होतो, तो गणपती. पद्माच्याच खोलीत, टिपऱ्या वाजवत, मोठ्याने. ताईबाई खाटेवरून टाळ्या वाजवत होती.

हे मी सांगितलं तर बाई नुसतं "हं" म्हणाल्या. मग मला बाहेर बसवून त्यांनी आपल्या घरात डबे उघडले, झाकले. संध्याकाळ झाली. खाली भिकुबाईंनी वहिनीची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. जीवरामभाऊ कामावरून येऊन पिशवीशेजारीच पायरीवर बसले होते.

"सगळ्यांना वर बोलाव," बाई मला म्हणाल्या. "म्हणावं, लिलाबाईंकडे आजची शेवटची खिरापत आहे. सुंदरलापण आण. ती लांब बसली तरी चालेल."

गॅलरीत सगळे जमले. चंद्र नुकताच वर येत होता. बाईंनी पितळी डबा आणला आणि कानाशी हलवला. बारीक, कोरडा आवाज आला. त्यात मधूनच काहीतरी मऊसं आपटत होतं.

"ओळखा," बाई म्हणाल्या.

मुलींना काय, खेळच हवा. "साबुदाणा!" "तीळ!" "खसखस!" मीही ओरडले, "राजगिरा!" बाई नुसती मान हलवत होत्या. त्यांची नजर आमच्यावर नव्हतीच.

पद्मा गप्प होती.

महिनाभर एकही खिरापत न सोडणारी पद्मा खांबाला घट्ट धरून उभी होती. बाईंनी डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन हलवला. "पद्मा, तू नाही ओळखत?"

पद्माने दोन्ही हातांनी कान झाकले. "उघडू नका बाई," ती म्हणाली. "पाया पडते, उघडू नका."

५

बाईंनी डबा उघडला नाही. तो मांडीवर घेऊन त्या पद्माशेजारी खालीच बसल्या.

"मी सांगू की तू सांगतेस?" त्यांनी विचारलं. "खाली सुंदरची पिशवी भरलेली आहे बाळा. तुझ्या गप्प बसण्याने ती एसटीत बसेल."

पद्माने बोलायचा प्रयत्न केला, पण नुसते हुंदकेच आले. मग बाईच बोलल्या.

"चोराने नथ ठेवली. ठीक. पण वस्त्राची घडी घालून ठेवली, माळ काढून ठेवली. चोरी करणारा इतका निवांत असतो का? नथ, वस्त्र, माळ आपण कधी काढतो? आंघोळीच्या आधी. बंबातलं पाणी उकळत होतं आणि घरात आंघोळ कुणाचीच झालेली नव्हती. मग ते पाणी कुणासाठी होतं? मोरीच्या नळीतून गुलाबी पाणी गेलं, रुपचंदभाऊंच्या सदऱ्यावर त्याची माती वाळली आहे. खोलीत ओव्याचा धूर होता. आणि गुलोजींना कुणी हात लावला नाही, कारण ते पुरुष. बाळंतिणीच्या न्हाणीशी त्यांचं काय काम?"

बायकांमधून एक कुजबूज गेली. बाईंनी आता डबा उघडला. आत ओवा होता आणि बाळंतशेपा. बाळंतिणीला धुरी देतात ती. त्यात ओल्या मातीचा एक छोटा गोळा.

"काल मुलींनी गाण्यात सांगितलं की गुलाबाई बाळंत झाली," बाई म्हणाल्या. "या चाळीत बाळंतीण झाली की तिला न्हाऊ कोण घालतं?"

सगळ्यांच्या माना पद्माच्या खोलीकडे वळल्या. ताईबाई दारात येऊन उभी होती.

"काय गलका शे हाऊ?" ती म्हणाली. "पोऱ्या निजेल शे. बाळंतीनना आंगवर ऊन ऊन पानी टाकं, धुरी दिधी. थंडी उनी व्हती तिले. काय चुकनं मन्हं?"

प्रमिलाकाकू मटकन खाली बसल्या. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. पद्मा आत गेली आणि ज्वारीच्या कोठीमागून परात घेऊन आली. परातीत मातीचा लगदा होता. गुलाबी, निळा, काळा रंग एकमेकांत गेलेला. एका बाजूला गणपतीची सोंड तेवढी शाबूत होती.

"मी उठले तेव्हा आजी तिला तेल लावत होती," पद्मा म्हणाली. "मी ओढायला गेले तर तिने पाणी ओतलं. ती पार विरघळली. आजी म्हणाली, बघ कशी मऊ पडली, आता झोपेल. पप्पांना कळलं तर ते आजीला साक्रीला पाठवतील. मोठे काका म्हणतात, तिला भ्रम झाला असेल तर गावाकडे आणा, खोलीत ठेवू, बाहेरून कडी लावू. मी ऐकलंय. आणि इथे कुणी तिच्या मांडीवर पुन्हा बाळ देणार नाही." मग ती सुंदरवहिनीकडे वळली. "वहिनी, मला वाटलं गुलाबाई सापडली नाही तरी चालेल, विसरतील सगळे. तुम्हाला पाठवतील असं नव्हतं वाटलं."

जीवरामभाऊ उठले, खाली गेले आणि वहिनीची पिशवी उचलून आत ठेवून आले. आईला न विचारता केलेलं त्यांचं हे मी पाहिलेलं पहिलंच काम.

६

सुंदरवहिनी गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब बसली होती. ताईबाई भिंतीला धरत धरत तिच्याजवळ गेली. वहिनी मागे सरकली, "आजी, शिवू नका मला" म्हणाली. पण म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवलाच. "तुलेबी न्हावाडसू मी," ती म्हणाली. "घाई नही करवानी वो माय." वहिनी रडायला लागली. 'शिवू नका' ऐकल्यावर भिकुबाई सुनेच्या दूर सरकलेल्या पायांकडे बघत राहिल्या. मग पदराने डोळे पुसून खाली निघून गेल्या.

बाई प्रमिलाकाकूंना म्हणाल्या, "पद्माचे पप्पा धुळ्याहून आले की मी बोलेन त्यांच्याशी. ताईबाई कुठेही जाणार नाहीत. आपण एवढ्या जणी आहोत, आळीपाळीने जवळ बसू. बंब मात्र कुलपात ठेवा." माझी आई लगेच म्हणाली, "सकाळी नळाच्या वेळी उज्जू बसेल." मला कुणी विचारलंही नाही. रुपचंदकाका सदऱ्याचा डाग झाकत म्हणाले, "मी दिवसा घरीच असतो, झोपेतसुद्धा कान जागे असतात माझे." बायका हसल्या.

मला मात्र हसू येईना. इतकं सगळं झालं तरी माझ्या पोटातली आग तशीच होती. उलट वाढली होती. आता सगळ्या बायका पद्माच्याच पाठीवरून हात फिरवत होत्या. आजीसाठी केलंस गं, किती जीव लावतेस गं. चोरी लपवली तरी हीच गुणाची! मी दिवसभर बाईंच्या मागे फिरले, गुलोजींचं मी सांगितलं, ते कुणाच्या गावीही नव्हतं.

विसर्जनाला निघायचं ठरलं. परातीतला लगदा आणि गुलोजी एकाच पाटावर. पद्मा पाट उचलायला वाकली, तेवढ्यात परत खाटेवर जाऊन बसलेल्या ताईबाईने हाक मारली.

"उज्जू! वो उज्जू! लुगडं भिजाडशी, सांभाळीसन जाय."

मी पटकन पुढे झाले. "हो आजी," म्हटलं. ताईबाईने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी पोरीकडे बघावं तसं. मग तिने पद्माचा हात धरला, तिचा परकर नीट केला, तिच्या गालावरून बोटं फिरवली.

"उज्जू मन्ही," ती पद्माला म्हणाली. "पहिली पोर आठली, मन्हा हातवर जन्मनी."

आठली म्हणजे इथली. ताईबाई गावाहून या चाळीत आली तेव्हा तिच्या हातावर इथे जन्मलेलं पहिलं पोर मी. पद्मा आजोळी, धुळ्याच्या दवाखान्यात झाली. म्हातारीच्या डोक्यातलं सगळं हळूहळू पुसत चाललं होतं, नातीचं नावसुद्धा. माझं तेवढं राहिलं होतं. महिनाभर ऐकू येणाऱ्या त्या हाका मला नव्हत्याच. पद्मा त्यांना ओ देत होती, पाणी नेऊन देत होती, आणि मी उठून आले की माझ्या तोंडावर दार लावत होती.

"हो आजी," पद्मा म्हणाली. "सांभाळून जाते."

मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. महिनाभर रोज संध्याकाळी खिरापत झाली की घरी येऊन आरशात मी तीच बघत होते.

मी वाकून पाटाची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघी जिना उतरायला लागलो.